खातं थांबलं ते वर्ष

आये, परवा तुझ्या पणतीचं, माझ्या नातीचं, बँकेतलं खातं पोलिसांनी थांबवलं. कुठल्याशा चोरीचे पैसे फिरत फिरत तिच्या खात्यात आले म्हणे. पोरगी रडकुंडीला आली. तिची समजूत काढताना मला तूच दिसत राहिलीस. दांडी गावातल्या आपल्या घरी डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून, घाम पुसत, "बँकवाला पैसं देत नाय," असं हळूच सांगणारी.

तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मामा तिथल्या एका कंत्राटदाराच्या गोदामात होता. त्याचं खातं नव्हतं, म्हणून पगारातलं उरलेलं तो तुझ्या खात्यात ठेवायचा. त्यातच तू मासळी विकून माझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी साठवलेलं होतं. गोदामातली तांब्याची तार चोरीला गेली, पोलिसांनी मामाला नेलं आणि तपास होईपर्यंत या खात्यातून काही देऊ नका असं बँकेला कळवलं.

बोईसरच्या चौकीत मी तुझ्यासोबत होते. फौजदार तसा वाईट नव्हता, तुला बसायला बाकडं दिलं त्याने. म्हणाला, "भावाने ठेवलेले पैसे चोरीचे असावेत असा संशय येतो, एवढं सांग. तुझे बाकीचे सोडायला सांगतो."

"मला संशय नाय, साहेब. तो त्याचा पगार हाय."

"मग मुलीच्या शिक्षणाचं काय?"

तू माझा हात धरलास. "ही माजी पोर हाय, तो माजा भाव हाय. कोनाला टाकू?"

पालघरचा वकील म्हणाला, चोरीचा माल पोलीस जप्त करतात हे खरं, पण बँकेतलं खातं असं अडवता येतं का यावर कोर्टांचंच एकमत नाही. त्याने अर्ज केला, तारखा पडत राहिल्या. शेवटी मामाविरुद्ध काही सापडलं नाही. तो सुटला, खातंही मोकळं झालं, पण तोवर माझ्या प्रवेशाची वेळ टळून गेली होती.

ते वर्ष मी तुझ्याजवळ काढलं. अजून दिसतं, आपण दोघी किनाऱ्यावर दोऱ्यांना बोंबील सुकायला अडकवतोय, तू पुढे, मी मागे. शेजारच्या घिवली गावच्या बाया थांबतात, तू हसून काहीतरी बोलतेस, वाऱ्यात मला अर्धंच ऐकू येतं. दुपारी चुलीपुढे भाकरी थापता थापता, वर न बघता तू म्हणतेस, "माज्यामुलं तुजं वरीस गेलं." मी गप्प राहते. तुला वाटतं मी रुसलेय. त्यानंतर कालवणातला मोठा तुकडा तू रोज माझ्याच ताटात वाढायचीस.

पुढच्या वर्षी मी गेले. शिकून परतायच्या आत तूच गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. मी रुसले नव्हते, आये. तुझा तो पडलेला चेहरा बघून खरं बोलायची लाज वाटली. मला तुला सोडून जायचंच नव्हतं.