हाड होण्याआधी

१२ नोव्हेंबर
कोल्हापूरहून परत. सोनोग्राफीत बाळाच्या मांडीचं हाड आखूड दिसलं. डॉक्टरबाईंनी ते परत मोजलं, मग मला, "तुमची उंची लहानपणापासून कमीच?" हो म्हटलं. खुब्यांचं दुखणंही सांगितलं. रक्त घेतलं. वाटेत तळेऱ्याला चहाला थांबलो, नवऱ्याने, दिनेशने, चहा तसाच टाकला.

१३ नोव्हें.
शाळेत रजा कळवली.
काल ऐकलेलं लिहून ठेवते. हाड होण्याआधी बाळाचा सांगाडा मऊ, लवचीक कूर्चेचा असतो. तिला बळ कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं. त्याचे तीन पेड एकमेकांत वळलेले, त्यात एक सदोष असला तरी सगळा पीळ बिघडतो. मग हाडं टोकांशी नीट वाढत नाहीत, सांधे लवकर झिजतात. माझंही हेच असणार. घरचे आजवर म्हणत आले, "आजयेवर गेली." आजीही अशीच ठेंगणी.
माझ्यात दोष असेल तर बाळात यायची शक्यता अर्धी.

१५ नोव्हें.
खुबा धरलाय. अंगणात उतरवत नाही. खाट, खिडकी, परत खाट.
बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायचं का, ते आम्ही ठरवायचं. दोष निघाला तर बाळ ठेवायचं की नाही, तेही आम्हीच. "वेळ थोडा आहे," डॉ. म्हणाल्या होत्या.

१८ नोव्हें.
सासूबाईंना सगळं सांगितलं. पेजेची वाटी हातात तशीच धरून म्हणाल्या, "तुज्यासारख्यां झालां तर होवंदे. तू खंय कमी पडलंस?"
रडू आलं. पण वर्गात शिकवताना, मुलं वहीत बघत असली की मी फळ्याला धरून उभी असते, ते सासूबाईंना कुठे माहीत.

२१ नोव्हें.
दि.शी भांडण.
तो म्हणाला, "तपासूया. माका कळाक व्हया."
"कळल्यावर काय करणार?"
त्याने माझ्या खुब्याखाली उशी सारली. मग, "तुका किती दुखता ता मी बघलंय गो. परत ताच बघूक माका..." आणि उठून अंगणात गेला.
हे बाळ नको म्हणायचं म्हणजे मलाच नको म्हणायचं. हवं म्हणायचं तर हे दुखणं जाणूनबुजून त्या जिवाच्या अंगात... कुठूनच वाट नाही.

२४ नोव्हें.
डॉ.चा फोन. माझ्या रक्तात कोलॅजनचा तोच दोष. बाळाची तपासणी हवी तर उद्या या.
दि. दारात येऊन उभा राहिला. मीच म्हटलं, गाडी सांग.

२५ नोव्हें.
पाणी काढून झालं. सुईपेक्षा पडद्यावर बघणं कठीण. बाळ पाय पोटाशी घेऊन होतं.
डॉ.नी विचारलं, अहवाल कुणाला कळवू? मी माझा नंबर दिला. परतताना घाटात दि.ला सांगितलं, "कळला तरी तुला लगेच सांगेन असं नाही."
"बरां."
गाडी आमच्या गावाला, कट्ट्याला येईपर्यंत त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मला तो सोडवून घ्यायचा होता की नव्हता, माझं मलाच कळेना.