फटी मीच बुजवल्या

२ एप्रिल, सकाळ
धक्क्यावरच्या ऑफिसचं पत्र. माझी शिडाची होडी सहा वर्षं जमिनीवर पडून आहे म्हणे. तीस तारखेच्या तपासणीला पाण्यात तरंगताना दिसली नाही तर जागा रद्द, होडी मोडीत. मोडीत! जिने मला वादळातून दीपगृहापर्यंत नेलं ती? तीसला काय, पंचवीसलाच तरंगेल. उद्या पहाटे पाचला कामाला सुरुवात.

३ एप्रिल
पहाट जरा धुरकट होती. अकराला गेलो. लाकूड वाळून फळ्यांमध्ये नाणं जाईल एवढ्या फटी. सुतार म्हणाला, सुताची दोरी सैलसर भरा, होडी चार दिवस क्रेनच्या पट्ट्यांवर पाण्यात टांगून ठेवा. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी आपोआप मिटतात. म्हणजे मुद्दाम गळू द्यायची! बायकोही नेमकी त्याच्याच बाजूने.

९ एप्रिल
पाठ धरली. विश्रांती हाही प्लॅनिंगचा भाग. शेजाऱ्यांना वादळ सांगितलं. दुमजली लाटा, शीड फाटलेलं, सुकाणू माझ्या एका हातात. मागच्या वेळी लाटा एकमजली होत्या, असं ते म्हणाले. लोक भरती-ओहोटी लक्षातच घेत नाहीत.

१७ एप्रिल
फटी बुजवल्या. स्वतः. दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी, ठासून ठासून. सुई गेली तर मिशी उतरवीन. सुतार आला, बघितलं, कपाळाला हात लावून निघून गेला. जळतात लोक.

२६ एप्रिल
होडी पाण्यात! आत एक थेंब नाही. पट्टे लगेच सोडायला लावले. सुताराला मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, लाकूड अजून फुगायचंय. म्हटलं, आधी तुझं तोंड फुगलंय ते बघ.

२९ एप्रिल, दुपार
लाकूड फुगलं. पुट्टी जागा देईना, म्हणून दोन फळ्या खिळ्यांसकट बाहेर आल्या. होडी तळाला बसली. पूर्ण बुडाली नाही, डोलकाठी पाण्याच्या वर आहे. तरंगण्याचा अर्थ साहेबांनी जरा मोठ्या मनाने घ्यायला हवा.

३० एप्रिल
ऑफिसचे साहेब कागद भरायला लागले. मी वादळ सांगायला घेतलं. ही शांतपणे मध्ये म्हणाली, "अहो, त्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होतं. तुम्ही खाली बादली धरून बसला होतात."
साहेबांचं पेन थांबलं. मग ती दोघं वारा आणि शीड यांवर अर्धा तास बोलली. मला काही कळलं नाही, पण मान हलवत राहिलो. महिन्याची मुदत मिळाली. तिला. दुरुस्ती सुताराच्या पद्धतीने, तपासणीला सुकाणूवर ती.
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? बाजूला घेऊन विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलीस? म्हणाली, "तुम्ही सांगता छान."
नव्या अर्जात चालक ती. माझं नाव 'प्रवासी' या रकान्यात. मी साफ नकार दिला. मग सही केली. पण चांगली मोठी केली, रकान्याबाहेर जाईल अशी.