संगणकातील तीन ओळींची यादी आणि तिची माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, भरतकामाचे नमुने आखणारी, उद्याच्या शस्त्रक्रियेआधी हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. नवऱ्याचा शेरा, "आजवर तरी होतं."

१. घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक नवऱ्याला. कात्र्या नणंदेला, त्यांनी तिने कागद कापू नये.

२. कामाच्या खोलीतला संगणक नवऱ्याला. त्याच्या एकाच डिस्कवर तीन लिनक्स, म्हणजे संगणक चालवणाऱ्या तीन प्रणाली, नांदतात. एक माझं, नमुन्यांचं. एक धाकट्या दिरांचं, म्हणजे भावोजींचं, सतत बदलणारं. तिसरं इतकं जुनं की त्याला आता कोणी वाली नाही. पण नवरा चालवतो ते भरतकामाचं यंत्र फक्त त्याच्याशीच बोलतं. ते गेलं तर यंत्राची अडगळ होईल आणि नवऱ्याचे हात रिकामे. या जुन्याची सुरक्षा आता कोणी पाहत नाही, म्हणून ते इंटरनेटला कधीही जोडू नये.

३. बटण दाबलं की आधी बूटलोडर जागा होतो आणि तीन ओळींची यादी दाखवतो. भावोजींनी मागे नवं लिनक्स बसवताना त्याचाच बूटलोडर पुढे आणला. सकाळी यादीत एकच ओळ. नवऱ्याचं यंत्र ठप्प.

"वहिनी, काही गेलेलं नाही. नुसतं दिसत नाहीये," भावोजी म्हणाले.

"मग मला दिसेल असं कर," नवरा भावाला म्हणाला. "आणि आधी चहा ठेव. तेवढं तरी नीट येतं तुला."

भावोजींचं खरं होतं. नव्या बूटलोडरला शेजारची लिनक्स शोधायची मुभाच नव्हती. ती दिली, यादी पुन्हा बनवली, आणि दोन्ही जशीच्या तशी हजर झाली. आम्ही सुतकी चेहऱ्याने बसलो होतो तेव्हाही ती तिथेच होती. मग भावोजींनी माझा बूटलोडर पुन्हा पुढे आणला.

४. पहिल्या मसुद्यात मी भावोजींना वगळलं होतं. ती खबरदारी होती की आकस, हे स्वतःला विचारलं, दोन्ही निघालं. हरवलेलं शोधायची वाट त्यांनाच ठाऊक आहे, म्हणून यादीची देखभाल त्यांच्याकडे. अट अशी : नवं काही बसवताना त्याचा बूटलोडर बसवू नये. माझ्या लिनक्समध्ये जाऊन यादी नव्याने बनवावी. यादी तिथूनच बनते, म्हणून जागा कमी पडली तरी माझा भाग पुसू नये.

५. हे कलम कायद्याला लागत नाही, तरी ठेवते. संगणकाला स्वतःचं काहीच उमगत नसतं तेव्हा हा एवढासा बूटलोडर उभा असतो. निवडलेल्याला हाताला धरून आणतो, सगळं त्याच्या स्वाधीन करतो आणि स्वतः संपतो. पुढचं दिवसभराचं काम त्याच्याविना चालतं. हे प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

६. काही न निवडल्यास आपोआप माझं लिनक्स सुरू होत असे. आज तो मान मी जुन्याला दिला. नवऱ्याने फक्त बटण दाबावं आणि थांबावं. मी करून पाहिलं. बटण दाबून दारात जाऊन उभी राहिले, कशाला हात लावला नाही. तीन ओळी आल्या, गेल्या. मग जुन्या लिनक्सने यंत्र सुरू केलं आणि सुई उचलली गेली.

वरील सर्व वाचून, पटून सही केली.

सही : नमुने आखणारी

आमच्यासमोर सही झाली. यात आम्हाला काही मिळायचं नाही :
१. शेजारचे पुस्तकबांधणीवाले
२. घरचे डॉक्टर

स्थळ : कामाची खोली
दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस