पत्र्यावरचा आकडा आणि पाठीमागचा माणूस

मी, भगवंत कुंडलिक नेहरकर, वय वर्षे पंचावन्न, धंदा शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. बुद्धी शाबूत आहे. माझ्या विद्यार्थ्यांचं मत वेगळं असू शकेल. पुढच्या महिन्यात माझी छाती उघडायचं डॉक्टरांनी ठरवलं आहे, तेव्हा मन उघडण्याचं काम मी आधी उरकून घेतो.

कलम १. राहतं घर, धरणाकडची जमीन आणि बँकेतली शिल्लक पुतण्या स्वराज यास. तो चाकणला असतो आणि दर दिवाळीला न चुकता फोन करतो. संस्कृत पुस्तकं मात्र गावच्या वाचनालयाला द्यावीत. तिथे निदान वाळवी तरी ती वाचेल.

कलम २. सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड आणि पान्हे आळेफाट्यावर विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या सावळारामला. त्यालाच साक्षीदार करणार होतो, पण वकिलांनी अडवलं. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला किंवा त्याच्या बायकोला दिलेली वस्तू कायद्याने बुडते म्हणे. हे ऐकून सावळाराम म्हणाला, "मग गुरुजी, पक्कड माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, सही दुसऱ्या कोणाची घ्या. सही काय, कोनबी करतंय."

कलम ३. मधल्या खोलीतलं व्हिडिओ गेमचं मशीन. याची हकिगत सांगणं भाग आहे, नाहीतर स्वराज ते भंगारात घालील.

आळेफाट्याला गुलाबचंदशेठ मुथांचं भुसार दुकान होतं. मागच्या बाजूला, साखरेच्या पोत्यांपलीकडे, हे मशीन. मी नुकताच शाळेत लागलो होतो. शेठचा मुलगा पीयूष माझ्याच वयाचा. दिवसा मी पोरांकडून धातू चालवून घ्यायचो, संध्याकाळी आम्ही दोघं विमानं पाडायचो.

वीज गेली की मशीन आपल्या पोटातले सगळे आकडे विसरायचं, आणि फाट्यावर वीज तर पाहुण्यासारखी यायची. म्हणून शेठनी नियम केला. खेळ संपला की पाठीमागे उभ्या असलेल्या कोणीतरी "म्या पायलं" म्हणायचं, मग शेठ स्वतः तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर ऑइलपेंटने आकडा लिहिणार. पोटच्या पोरालाही सूट नाही. "तुझं खरंच असेल रे पीयूष. पण पाहिलं कोणी?" त्यामुळे पीयूष खेळताना मी मागे, मी खेळताना तो. त्याचा श्वास मानेवर यायचा आणि सल्ले कानात: "डावीकडं घे, डावीकडं! अरे माणसा, गेलं ना!" पत्र्यावर सगळ्यात वरचा आकडा माझा, खालचा त्याचा.

शेठ गेले, पीयूषने दुकान विकलं आणि तो पुण्याला गेला. टोमॅटोच्या टेम्पोतून मशीन आणि पत्रा मी घरी आणला.

काही वर्षांनी त्याचा फोन आला. "भगवंता, तुझा आकडा मोडला! फोटो पाठवलाय."

"कशावर खेळलास?"

"कॉम्प्युटरवर. एम्युलेटर असतो, जुनं मशीन जसंच्या तसं चालवतो."

"म्हणजे परकायाप्रवेश."

"लेका, आतला खेळ तोच आहे, अक्षरही बदललेलं नाही. लिही पत्र्यावर."

"त्यात मेल्यावर मागे जाऊन पुन्हा जिवंत होता येतं ना?"

"येतं. मी गेलो नाही."

"पाहिलं कोणी?"

त्याने फोन ठेवला. मीही पुन्हा केला नाही. न्यायाने माझी बाजू बळकट होती, आणि बळकट बाजूने आधी फोन करायचा नसतो, असं मी धरून चाललो. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

गेल्या माघात पीयूषची मुलगी सिद्धी ओझरच्या गणपतीला आली होती, वाट वाकडी करून माझ्याकडे आली. चहा घेताना म्हणाली, "काका, मी पाहिलं होतं. त्या दिवशी पप्पांच्या मागेच उभी होते. आई जेवायला हाका मारत होती, पप्पा उठेनात." मग मशीनकडे बघून, "तुम्ही अजून खेळता?"

"रोज. पीयूषच्या वरचा आकडा काढलाय. आणि तोही मूळ मशीनवर."

"अरे वा! कोणी पाहिला?"

तिने सहज विचारलं. मी कपबश्या उचलून आत गेलो.

कलम ४. म्हणून निर्णय देतो. एम्युलेटरवरचा आकडा मूळ मशीनवरच्या आकड्याच्या बरोबरीचा धरावा. अट एवढीच, की दोन्हीकडे पाठीमागे माणूस उभा असावा. तो नसेल तर दोन्ही सारखेच बाद. पीयूषचा आकडा पत्र्यावर सगळ्यात वर लिहावा. दुकानातला माझा आकडा त्याच्या खाली. या घरात एकट्याने काढलेले माझे सगळे आकडे रद्द.

कलम ५. मशीन आणि पत्रा सिद्धीला. साक्षीदाराच्या मुलीला दिलेलं बुडत नाही, हे वकिलांना दोनदा विचारून घेतलं आहे.

कलम ६. पीयूष गुलाबचंद मुथा यास या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. त्याने गैरसमज करून घेऊ नये. साक्षीदार दोन लागतात. वकील म्हणाले, "गुरुजी, फाट्यावर चहा पिणारा कोणीही चालेल." मला चालणार नाही. मी सही करताना पीयूषने मागे उभं राहून पाहावं. तो आला नाही तर हा कागद रद्दी, आणि मग सिद्धीला मशीनही नाही, पत्राही नाही. कायद्याप्रमाणे सगळं स्वराजकडे आणि मशीन भंगारात. याची एक प्रत पीयूषला आजच टपालाने पाठवत आहे. पुण्याहून नाशिकची कुठलीही एसटी आळेफाट्याला थांबते. तिथून सावळाराम मोटारसायकलवर आणून सोडील.

लिहून देणार: भगवंत कुंडलिक नेहरकर
(सही दोन्ही साक्षीदार समोर असताना करीन.)

साक्षीदार पहिला: जानकू बाळा भोर, शेजारी, येडगाव. हाक मारली की येतो.

साक्षीदार दुसरा: पीयूष गुलाबचंद मुथा, पुणे.

ठिकाण: येडगाव

दिनांक: पीयूषने घालावा.