‘परवा’ नसलेली भाषा

२९ ऑक्टोबर, बुधवार
‘परवा’ला काढून टाकलं! माझी लेक स्नेहल कॉम्प्युटरसाठी छोटीशी भाषा बनवतेय — कामाचे दिवस मोजून तारीख सांगणारी. शब्द मी पुरवतो. म्हणे, परवा गेलेला की यायचा, मशीनला कळत नाही. मी म्हटलं, क्रियापद सांगेल की!

“बाबा, माझ्या भाषेत क्रियापदच नाही.”

आमचे गुरुजी कविता म्हणताना नेमके क्रियापदाशी थांबायचे. सगळा वर्ग श्वास धरून.

असो. आज जीव थाऱ्यावर नाही. पुतळावहिनींच्या घराला — घणसोली गावातलं, दादाने बांधलेलं — पाडायची नोटीस आहे. मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अपील, नाहीतर घर गेलं. वीस तारखेला फराळाला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, परवा आली. म्हणजे अठरा.

३० ऑक्टोबर
स्नेहलच्या भाषेत टाकलं — ‘अठरा ऑक्टोबर अधिक पंधरा दिवस, सुट्टीला पुढचा कामाचा दिवस.’ उत्तर: सोमवार, तीन नोव्हेंबर. रविवार वगळला पठ्ठीने! वकील म्हणाले, तोवर कागद होतील.

३१ ऑक्टोबर
वकिलांनी पोचपावतीची नक्कल आणली. तारीख चौदा! म्हणजे मुदत परवाच्या बुधवारी संपली — आम्ही शब्दांवरून वाद घालत होतो तेव्हाच.

फोनवर वहिनींवर चिडलो. परवा म्हणजे परवा, मागे कधीतरी नव्हे. त्या म्हणाल्या —

“भावजी, आली नाय बोल्ले मी. गावली बोल्ले. दिवालीची झाडझूड करताना फलीवर गावली.”

१ नोव्हेंबर
फळीवर ठेवली कुणी? वहिनी तर एकट्याच राहतात.

२ नोव्हेंबर, रविवार
स्नेहलने नक्कल मोठी करून माझ्यापुढे धरली. खालची सही — हौसेराव. ‘ह’ची ती लांब शेपटी माझीच.

चौदा तारखेच्या त्या मंगळवारी वहिनींच्या ओटीवर बसून चौथीतली एक कविता जुळवत होतो. शेवटचं कडवंसुद्धा आठवलं होतं. पोस्टमन आठवत नाही.

वकील म्हणतात, तुम्ही त्या घरात राहत नाही. नोटीस मी घेतली आणि सांगायला विसरलो, असं शपथेवर लिहून द्या. वहिनींची मुदत अठरापासून धरा, असं म्हणता येईल. कचेरीत पस्तीस वर्षं तारखा नोंदवल्या मी. एक चुकली नाही.

३ नोव्हेंबर
लिहून दिलं. अपील दाखल करून घेतलं. रिक्षात स्नेहलने फोनवर डॉक्टरांची वेळ मागितली. पलीकडून नाव विचारलं असावं — तिने माझं सांगितलं.