अर्धी पळी, मग विचारायचं

२ डिसें., सोम.
उपकेंद्रात आज आमचीच तपासणी. आमी अंगणवाडीच्या बाया रोज गावच्या लेकरांची वजनं घेतो, आज आमची घेतली. ७८.४. उतरले, चप्पल काढली, परत चढले. ७८.२. म्हणजे चप्पल दोनशे ग्रॅम, बाकी समदी मीच.
साखर बॉर्डरवर. नर्सबाई म्हणल्या, "सुरेखाताई, तीन महिने देते. वजन उतरवा, मार्चात परत तपासू. न्हाईतर गोळी चालू." आईचं पण गोळीपासूनच सुरू झालतं. मागच्या साली पायाचा अंगठा काढला तिचा. रात्री मुक्ताच्या बाबांना म्हणले, मी समदी आईवर गेले, माझा बी अंगठा जाणार बघा. लई रडले. दोघी पोरी तिथंच अभ्यास करत होत्या.

३ डिसें.
मोबाईलमधल्या ॲपला सांगितलं, आठ किलो, एक महिना. ते म्हणलं दिवसाला १००० कॅलरी. म्हणलं ठीक हाय, करू की.
चहा बिनसाखरेचा. अर्धी भाकरी. छकुलीच्या ताटातलं उरलेलं खाल्लं न्हाई, गाईला घातलं. मुक्ता नऊ वर्षांची हाय पण हिशोबाला लई पक्की. वहीत तीच लिहिणार म्हणली. "आई, अर्धी भाकरी म्हणजे शंभर लिहू का?" लिही बाई. अक्षर काय सुंदर हाय पोरीचं, माझ्यावर न्हाई गेलं.

५ डिसें.
पाचला उठणं, दोन डबे, पाणी, छकुलीची वेणी, कारखान्याचा सीझन चालू म्हणून बाबांची डबल ड्यूटी. त्यात पोटात कावळे. छकुलीच्या पाठीत धपाटा घातला, कारण काय तर तिनं केळं मागितलं. चार वर्षांची ती. लाज वाटली.
बाबा म्हणले, "तू हायस तशीच बरी हायस." बरी कसली? माझ्या आईचा पाय बघितला न्हाई का तुमी? असं ताडकन बोलले.

८ डिसें., रवि.
घात झाला. दुपारी पोरी झोपल्यावर ओट्याजवळ उभ्यानं, ताट न घेता, गूळ-तूप-भाकरीचा काला. किती ते सांगत न्हाई. मुक्ताला लिहायला पण सांगितलं न्हाई. उद्या ६०० वर राहायचं, भरून काढायचं.

११ डिसें.
७६.१!! केंद्रातल्या काट्यावर, तीनदा बघितलं. मुक्तानं वहीत मोठ्ठं "शाब्बास आई" लिहिलं, खाली चांदणी काढली. मी पण तिला उचलून गरागरा फिरवलं. मग पाच मिनिटं भिंतीला धरून उभी.

१४ डिसें., शनि.
वजनाचा दिवस होता. आठ महिन्यांच्या पिंकीला टांगत्या काट्याच्या झोळीतून काढत होते आणि डोळ्यापुढं अंधारी. पुढचं मला आठवत न्हाई. पिंकीच्या आईनं सांगितलं. हमीदाचाची चुलीपासून धावल्या, एका हातानं पिंकी धरली, दुसऱ्या हातानं मला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई, अंगानं काडी. पिंकीला ओरखडा न्हाई.
चाची आमच्या केंद्राच्या मदतनीस. अकरा वर्षं सोबत हायत, मला नेहमी "बाई, तुमी" म्हणतात. आज पिंकी घरी गेल्यावर दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा "तू" म्हणल्या.
"तुला काय झालंय? लेकरू पडलं असतं तर?"
मी रडत रडत समदं सांगितलं, आठ किलो, एक महिना.
"पिंकी गेल्या म्हैन्यात किती वाढली?"
"दोनशे ग्रॅम."
"तू टाळ्या वाजवल्या का न्हाई? तिच्या आईला काय सांगितलंस? हळूहळू होतंय, घाई करू नको. सांगितलंस ना? मग सोताला आठ किलो कावून?"
चाचींनी खिचडी वाढली, समोर बसून खायला लावली.

१६ डिसें.
नर्सबाईंकडं गेले. चक्करचं ऐकून आधी रागावल्या, मग कागदावर लिहून दिलं. दिवसाला १५०० कॅ. च्या खाली जायचं न्हाई. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी लई झालं. "ताई, जे तुम्हाला पोरी सांभाळून, ड्यूटी करून वर्षभर जमेल तेवढंच धरा. आठ दिवस जमतंय ते काय कामाचं?"
आठ दिवस पण कुठं जमलं म्हणा.

१९ डिसें.
आज फक्त चाचींचं वाढणं बघितलं. अकरा वर्षं ही बाई माझ्यासमोर वाढते आणि मी रजिस्टरात मान घालून बसलेली.
आधी प्रत्येकाला अर्धीच पळी खिचडी. मग चाची खाली बसतात. लेकरांच्या बरोबरीनं, पाटावर. गप्पा. अर्धी पळी संपली की एकेकाला नाव घेऊन विचारतात, "अजून?" लेकरू हो म्हणलं की परत अर्धी. न्हाई म्हणलं की ताट उचलतात, एक शब्द बोलत न्हाईत. "संपव", "एवढं तरी खा", "माझं शहाणं बाळ", काय न्हाई. कुणाच्या ताटात शीत राहत न्हाई आणि कुणी उपाशी उठत न्हाई. मी पाच-पाच दिवसांची ट्रेनिंगं केली, हे कुणी शिकवलं न्हाई.
विचारलं, कुठं शिकलात? म्हणल्या, "कुटं म्हणजे? मालक गेले तवा तीन लेकरं आन एक केळाचा गाडा. जास्त वाढलं तर वाया जातंय, कमी वाढलं तर लेकरू हिरमुसतंय. मग इचारायचं." एवढंच. आणि परत भांडी घासायला गेल्या.

२७ डिसें.
चाचीपद्धत सुरू हाय. माझ्या ताटात आधी एक भाकरी, वाटीभर वरण, काकडी. खाली बसून. मग मीच मला विचारते, अजून? हसू येतं पण विचारते. कधी हो येतं, कधी न्हाई. दुपारी शेंगदाणे मूठभर. चहात अर्धा चमचा साखर परत आली, देवा, काय बरं वाटलं! साधारण १५०० च बसतंय.
धपाटे बंद हायत. छकुली केळं मागते, देते.

२ जाने.
वजन ७७.३. चढलं. वाईट वाटलं, पण डोकं गरगरत न्हाई. चाची म्हणल्या, "भुकेनं उतरलेलं होतं, ते परत आलं. आता मोजा." आज बाई-तुमीवर परत आल्या.

३ जाने., शुक्र.
हिशोबाच्या वहीत पान संपलं म्हणून ती मागून उघडली. मागच्या पानांवर मुक्ताचं अक्षर.
मुक्ता. सकाळ, दूध न्हाई, ०. डबा, पाव भाकरी, ५०. रात्र, भूक न्हाई सांगितलं, ०. शाब्बास मुक्ता.
असली पाच पानं. चांदण्या काढलेल्या.
डबा रोज रिकामा यायचा, मी खूश व्हायचे. मैत्रिणीला देत होती. रात्री "भूक न्हाई" म्हणायची आणि मी माझ्याच भाकऱ्या मोजत बसलेली.
केंद्रात नेऊन वजन घेतलं. दिवाळीपेक्षा दीड किलो कमी. नऊ वर्षांच्या पोरीचं! गावातली लेकरं वजनाच्या तक्त्यावर पिवळ्या रंगात गेली की मी त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या आयांना बोलते. आणि हे माझ्या घरात.
रागावले न्हाई, खरंच न्हाई. मांडीवर घेतलं, म्हणले कावून गं बाळा?
मग म्हणली, "तू म्हणलीस तू आजीवर गेलीस. आणि समदे म्हणतात मी तुझ्यावर गेले. मग माझा पण अंगठा काढतील ना?"

४ जाने.
वही चुलीत घातली. मोबाईलमधलं ॲप पण काढलं. आता मोजायचं ते मनात, लेकरांसमोर न्हाई. ही रोजनिशी कपाटात कुलपात.
बाबा रजा काढून घरी थांबले. मुक्ताला समोर बसवून समजावलं, आजीचा आजार, वय, औषधं वेळेवर न घेणं. तुझं वय वाढायचं हाय. मान हलवली तिनं. जेवली मात्र दोन घास. नर्सबाईंना दाखवलं. त्या म्हणल्या जबरदस्ती करू नका, दर आठवड्याला आणा, मी बोलते तिच्याशी.

८ जाने.
चाचींना सांगताना मान वर होईना. वाटलं बोलतील. तर म्हणल्या, "तिची शाळा सकाळची हाय ना? दुपारी पाठवा इकडं. मला पाठीचा तरास हाय, वाढायला माणूस पायजे."
पाठीचा त्रास! सकाळीच तांदळाचं पोतं एकटीनं ओढलंय बाईनं.

१० जाने.
मुक्तानं वाढलं. चाचींनी पळी दिली आणि फक्त एवढंच सांगितलं, अर्धी, मग बसायचं, मग इचारायचं. पिंकीचा भाऊ तीनदा "अजून" म्हणला. मुक्ता माझ्याकडं बघते, देऊ का? चाची म्हणल्या, "तिच्याकडं काय बगते? पोट त्याचं हाय." वाढलं तिनं.
नंतर चाचींनी मुक्ताला अर्धी पळी वाढली. खाल्ली. "अजून?" "न्हाई." ताट उचललं. माझा जीव टांगणीला, मी पळी घ्यायला हात पुढं केला तर चाचींनी मनगट धरलं. जोरात. दुखलं.

१४ जाने., संक्रांत
तिळगुळाचा लाडू हातात घेऊन मुक्ता विचारते, "यात किती असतात?" कॅलरी म्हणली न्हाई, पण तेच. मी म्हणले, मला ठाऊक न्हाई, आणि तिच्यासमोर एक अख्खा खाल्ला. खरं तर ठाऊक हाय. संध्याकाळी भात घेतला न्हाई, ज्वारीचीच एक भाकरी, झालं बरोबर. सण असा बसवता येतो हे आधी कळलं असतं तर.
मुक्तानं अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून ठेवला. झोपायच्या आधी बघितलं, कागद होता तसाच.

२४ जाने.
चाचींच्या घरी पहिल्यांदाच जेवायला गेलो, चौघं. ज्वारीची भाकरी, वांगं, दही. मुलगा, सून, नातू, समदे गोल बसलेले आणि चाची तशाच, अर्धं वाढून खाली बसलेल्या. आमच्याकडं बाई शेवटी जेवते, उरलेलं समदं तिच्याच पोटात जातं. मी पंधरा वर्षं तसंच केलं, ७८ किलो त्यातलेच. ह्या बाईला कुणी विचारलं न्हाई, शिकवलं न्हाई, तिनं आपलं आपण घर असं लावलं. मला लई आदर वाटला. तोंडावर म्हणले पण. "जेवा आता, भाकरी गार व्हायली," एवढंच बोलल्या.
आता घरी मी पण पोरींबरोबरच बसते. भाकऱ्या आधी करून ठेवायच्या. बाबांनी गरम भाकरीसाठी एक दिवस तोंड वाकडं केलं, एकच दिवस.

३ फेब्रु., सोम.
वजन ७५.८. महिन्यात दीड किलो. पिंकी १८० ग्रॅम वाढली. चाचींनी दोघींसाठी टाळ्या वाजवल्या, पिंकी माझ्याकडं बघून हसली.
मुक्ता काट्यावर चढायला तयार न्हाई. नर्सबाई म्हणल्या राहू द्या. डबा आता निम्मा संपतो, निम्मा परत येतो. तिची मैत्रीण सांगते, "आता मला देत न्हाई." परत आलेला डबा बघून बरं वाटायची पाळी आली माझ्यावर.

१७ फेब्रु.
रोज रात्री मुक्ताला विचारते, अजून? रोज "न्हाई". सव्वा महिना झाला. कधी वाटतं, बळंच भरवावं, तोंडात कोंबावं. चाचींना म्हणले, तुमची पद्धत माझ्या पोरीला लागू न्हाई पडत. म्हणल्या, "तुमी इचारताय का तपासणी करताय? तुमच्या तोंडाकडं बगून मलाच भूक लागायची न्हाई."
रागच आला. घरी येऊन आरशात बघितलं. खरं हाय.

२३ फेब्रु., रवि.
विचारताना आता मुद्दाम दुसरीकडं बघते. छकुलीची बडबड, शाळेतलं, कुणाची मांजर व्याली. मुक्ता आज हसली जेवताना. दीड भाकरी खाल्ली की एक, माझं लक्ष न्हवतं. लक्ष न्हवतं हे लिहितानाच कळलं.

२ मार्च, रवि.
उद्या साखर तपासायची. केंद्रातला काटा ७४.६ दाखवतो, पण रक्तात काय हाय ते काट्याला दिसत न्हाई. गोळी लागली तर लागली, वेळेवर घेईन. ही एक भाकरी आणि बसून जेवणं सोडणार न्हाई.
रात्री बाबा ड्यूटीवर. आमी तिघी बसलो. खिचडी केलती, चाचींसारखी, लसूण जास्त. अर्धी अर्धी पळी. छकुलीनं कढीचं भांडं सांडलं, मी पुसत बसले, मग उद्याचं डोक्यात, उपाशीपोटी जायचं, रजा कुणाला सांगायची. माझं ताट संपलं, मीच मला विचारलं, पुरे. उठले, भांडी उचलायला लागले.
मुक्ता ताट पुढ्यात घेऊन तशीच बसलेली. रिकामं.
"आई."
"काय गं?"
"मला विचारलं न्हाईस."
हातातली भांडी खाली ठेवली. पळी घेतली, खाली बसले, आणि विचारलं.