एकरी शंभर ढेपा

बारामती, ६ मार्च १९३६

प्रिय लीला,

अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस. कालव्याकाठी पंधरा दिवस हिंडलो आणि हिवतापानं धरलं. धर्मशाळेत पडून आहे. उठवत नाही, म्हणून हे लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या प्राध्यापकांसाठी मी इकडच्या उसाचे आकडे गोळा केले होते. लागण किती, एकरी गूळ किती. त्याची पुस्तिका छापली, खाली माझं नाव. तू ती देवघरात ठेवलीस म्हणे. लीला, तेव्हा मी एकही गुऱ्हाळ पाहिलं नव्हतं. सगळं गावच्या दप्तरातून उतरवून घेतलं. या वेळी प्राध्यापकांनी ते जागेवर पडताळायला पाठवलं.

लासुर्ण्याच्या पुढच्या एका वस्तीचं दप्तर पुन्हा उघडलं. पाच वर्षं एकरी शंभर ढेपा, एका ढेपेचाही फरक नाही. मागच्या वेळी हे पाहून मला बरं वाटलं होतं. आता म्हाताऱ्या तलाठ्याला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "कमी लिवलं की वरनं धा सवाल येत्यात. तेच लिवलं की एक बी न्हाय."

मग रानात गेलो. गुऱ्हाळावर ठमाबाई चुलवणात जाळ घालत होती. "कागदावर मोजून झालं व्हय? आता हितं बघा," म्हणाली आणि मला बांधापलीकडे घेऊन गेली. ऊस कमरेलाही लागेना, पिवळा पडलेला. सऱ्यांमधली माती मीठ सांडल्यासारखी पांढरी. कालव्याचं पाणी खालून वर चढतंय आणि रान चोपण, खारवट होतंय, दर साल एक एक बांध ओलांडून. चार दिवस बसून मोजलं. एकरी अठरा ढेपा.

रानाच्या मालकानं मला आग्रहानं जेवू घातलं. मग कोनाड्यातून माझी पुस्तिका काढली. एक नव्हे, सात प्रती. "तुमचं लई उपकार हायेत. रान घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ह्ये दावलं की त्ये रानात पाऊल बी न टाकता इसार देतंय," म्हणाला. निघताना त्यानं माझी मोजणी विचारली. मला खोटं बोलवलं नाही. तेव्हापासून त्याचा गडी धर्मशाळेच्या दारात बसलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला हटकतो. हे पत्र इथली स्वयंपाकीण कुशाबाई पदराआड नेऊन टपालात टाकणार आहे.

तुझं पत्र पुण्याहून फिरून काल इथं आलं. तुझे यजमान रावजीराव वरकुटे गावचं विहिरीवरचं रान विकून कालव्याचं वीस एकर घेतायत, आणि घेणार कुणाकडून तेही तू हौसेनं लिहिलंस. ते नाव मी तीनदा वाचलं. त्याच माणसाकडे मी जेवलो, लीला. त्याच रानात अठरा ढेपा मोजल्या. खरेदी येत्या गुरुवारी आहे. मी पोचलो तर बुधवारी पोचेन. नाही पोचलो तरी सही होऊ देऊ नकोस. रावजीराव म्हणतील, छापलेलं खोटं कसं असेल. त्यांना सांग, ज्यानं लिहिलं तोच सांगतोय.

तुझाच,
महिपतीदादा